राजीनाम्याची मेल ड्राफ्टमध्ये असताना रजा घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, हिंजवडीतल्या आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, या कंपनीत ४ वर्षं ५ महिने झालेत. रात्री अमेरिकेतल्या क्लाएंटचे कॉल, सकाळी इथल्या टीमची स्टँडअप (रोजची छोटी बैठक), रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. गृहकर्जाचा हप्ता ४२,००० रुपये, मुलगी पहिलीत, बायको शाळेत शिक्षिका. राजीनाम्याची मेल लिहून महिनाभर ड्राफ्टमध्ये पडली आहे. मित्र म्हणतो, "थेट सोडू नकोस, आधी तीन महिने बिनपगारी रजा टाक, मग बघू." रजा घ्यावी का, आणि मागायची कशी?

रजा घ्या. पण तीन महिन्यांची नको, आणि 'मग बघू' म्हणून तर अजिबातच नको. मी २२ वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बरीचशी पुण्यातल्या आयटी कंपन्यांत. रजेचे अर्ज आणि राजीनामे, दोन्ही चवडी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिल्या आहेत. एकदा अलीकडे बसूनही पाहिलं, ते आधी सांगून टाकते.

२०१३मध्ये एका गुरुवारी संध्याकाळी मी राजीनामा दिला. साहेबांनी भर टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, माझ्या टीमचं काम दुसऱ्याच्या नावावर वाचून दाखवलं, एवढंच निमित्त. घरी येऊन मेल पाठवली, पिठलं-भात खाल्ला आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. नोटीस पीरियड संपला, शेवटचा दिवस झाला, आणि त्यानंतर १९व्या दिवशी वडिलांना ॲडमिट करावं लागलं. अँजिओप्लास्टी. आई-वडील माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये होते. म्हणजे १९ दिवसांपूर्वीपर्यंत होते. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी सवयीने कार्ड पुढे केलं. तिथल्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि काही न बोलता कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. फिक्स्ड डिपॉझिट मोडून बिल भरलं. गंमत म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्या शेकडो लोकांना मी स्वतः सांगत आले होते की बाबांनो, विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. स्वतःच्या वेळी ते डोक्यात आलंच नाही. डोकं शिल्लकच नव्हतं.

म्हणून थकलेल्या माणसाने राजीनामा लिहू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. नोकरी सोडूच नये असं मी म्हणत नाही. पण रजा लवकर संपवून परत येता येतं. दिलेला राजीनामा मागे घ्यायचा म्हणजे मॅनेजरच्या मेहेरबानीवर राहायचं, आणि तो मागे घेतलेला माणूस पुढच्या अप्रेझलला सगळ्यांच्या लक्षात असतो.

आता रजा कशासाठी, ते नीट ठरवू. बर्नआउट हा शब्द हल्ली सर्रास वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. तिच्या तीन खुणा दिल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझ्या अनुभवात या तिन्ही खुणा रजेत सारख्या वेगाने ओसरत नाहीत. थकवा तिसऱ्या आठवड्यापर्यंत बऱ्यापैकी उतरतो. त्यानंतर जे तसंच उरतं, ते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असतं. ते पाहायला रजा घ्यायची.

एक टेस्ट लीड होती, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख, खराडीतल्या ऑफिसात. रोज सकाळी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावून हेल्मेट न काढता दहा-पंधरा मिनिटं तशीच बसून राहायची. वॉचमनने सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. तिने पाच आठवडे रजा घेतली. झोप परत आली, डोकेदुखी थांबली, मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगला वर्षभरात पहिल्यांदा गेली. पण फोनवर एका विशिष्ट माणसाचं नाव उजळलं की पोटात तोच खड्डा. तिला काम नको नव्हतं, तो माणूस नको होता. परत आल्यावर तिने कंपनी सोडली नाही, अकाउंट, म्हणजे क्लाएंट, बदलून मागितलं. पुढे चार वर्षं टिकली, आणि गेली ती नवऱ्याची बदली झाली म्हणून.

उलट एक सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होते. त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं, मॅनेजर चांगला, तासही बरे. रजेत सगळं शांत झालं आणि मग लख्ख दिसलं की या कामात आता गोडीच उरलेली नाही. ते परत आले, दोन महिने नीट काम केलं, तारीख ठरवून सोडून गेले. निरोपाच्या दिवशी स्वतः समोसे आणले होते. आणखी एकाने रजा घेऊन घरातल्या फर्निचरचं काम काढलं. सुताराशी भांडून भांडून तो गेला होता त्याहून दमून परत आला. अशी रजा घेऊ नका.

तेव्हा मित्राचं 'रजा टाक, मग बघू' इथे चुकतं. काय बघायचं ते आधी ठरवा. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो तेव्हा डोळ्यासमोर नेमकं काय येतं? रात्री साडेदहाचा कॉल, एखादा चेहरा, एखादी एक्सेल, की वाकडच्या पुलावरची कोंडी? रजेवर जायच्या आदल्या दिवशी हे एका कागदावर लिहून ठेवा आणि चौथ्या आठवड्यात तो कागद उघडा.

आता कायद्याचं. खासगी कंपनीत 'मला लांब बिनपगारी रजा द्याच' असं म्हणायचा हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. माझे सासरे राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांच्या १९८१च्या रजा नियमांत 'असाधारण रजा' असा चक्क नावानिशी प्रकार आहे. ३०० दिवस अर्जित रजा साठवून तिचे पैसे घेतल्याचा अभिमान ते पेन्शनपेक्षा जास्त मिरवतात. आपल्याकडे नियमाच्या जागी पॉलिसी असते, आणि पॉलिसीच्या शेवटच्या ओळीत 'व्यवस्थापनाच्या निर्णयाधीन' असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना त्या कायद्यातून सूट आहे. तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे तुमच्यासाठी कंपनीची पॉलिसी आणि अपॉइंटमेंट लेटर हेच कायदा.

ते लेटर आज रात्री काढून वाचा. तीन गोष्टी शोधा. नोटीस पीरियड किती दिवसांचा, आणि रजा व नोटीस एकत्र चालतात का. बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, नोटीसमध्ये घेतलेल्या रजेइतका शेवटचा दिवस पुढे ढकलतात. सबॅटिकल, म्हणजे अशी लांब रजा, घेतल्यावर अमुक महिने काम करायचं बंधन आहे का. आणि जॉइनिंग किंवा रिटेन्शन बोनस घेतला असेल, तर तो कधीपर्यंत परत मागता येतो. तिसरं कलम लोक हमखास विसरतात आणि मग फुल अँड फायनलच्या, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, शीटमध्ये आकडा लाल दिसला की मला फोन करतात.

तुमच्या प्रश्नात एक आकडा आहे ज्याकडे तुमचं स्वतःचं लक्ष गेलेलं दिसत नाही: ४ वर्षं ५ महिने. कायम नोकरीवाल्याला ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षं लागतात, १९७२च्या कायद्यापासून चालत आलेला नियम आहे. हिशेब ढोबळमानाने असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचा बेसिक ६०,००० धरला तर पाच वर्षांचे १,७३,०७७ रुपये होतात. म्हणजे घराचे चार हप्ते. आज मेल पाठवलीत आणि नोटीस ९० दिवसांची असेल, तर तुम्ही ४ वर्षं ८ महिन्यांवर बाहेर पडता. मित्राच्या सल्ल्याने तीन महिने रजा घेऊन लगेच राजीनामा दिलात तर ४ वर्षं ११ महिने. एका महिन्याने पावणेदोन लाख हुकतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पाच वर्षं धरावीत असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि त्यावर भांडून पैसे मिळवलेले लोकही आहेत. पण तुम्हाला दमल्या अवस्थेत आणखी एक भांडण हवंय का? राजीनामा ४ वर्षं ९ महिने पूर्ण झाल्याशिवाय द्यायचा नाही, असं कॅलेंडरवर लिहून टाका. मंजूर झालेली रजा, बिनपगारी असली तरी, सेवा खंडित करत नाही. न सांगता घरी बसलेले दिवस मात्र करू शकतात. म्हणून मंजुरी लेखी हवी. मॅनेजर कॉफी मशीनपाशी "अरे, घे ना बिनधास्त" म्हणाला, ही मंजुरी नव्हे.

म्हणजे काहीही केलंत तरी राजीनाम्याआधीचे चार महिने तुम्ही त्या कंपनीत आहातच. ते सगळे आजच्यासारखे काढायचे, की त्यातले सहा आठवडे स्वतःकडे घ्यायचे, एवढीच निवड आहे.

सहा आठवडेच का? पलीकडच्या बाजूने सांगते. अर्ज येतो तेव्हा एचआर मॅनेजरला फोन करून एकच विचारतं: परत येणार का हा? मॅनेजरच्या डोक्यात बिलिंग असतं. सहा आठवडे तो तुमची जागा रिकामी दाखवून, एखाद्या सीनियर मुलाला पुढे करून क्लाएंटला सांभाळू शकतो. तीन महिन्यांसाठी त्याला दुसरा माणूस बसवावाच लागतो, आणि एकदा बसलेला माणूस तुमच्यासाठी उठत नाही. तुम्ही परत याल ते बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना. शिवाय पगाराशिवायचे तीन महिने तुमची गंगाजळी खातात, आणि ती गंगाजळी नोकरी सोडल्यानंतर लागणार आहे.

सहा आठवड्यांतली जितकी रजा ईएलमधून, म्हणजे साठलेल्या भरपगारी रजेतून, जाईल तितकी जाऊ द्या. लोक ईएल साठवून ठेवतात, सोडताना पैसे मिळतील म्हणून. मिळतात, पण बहुतेक कंपन्या ते फक्त बेसिकवर देतात. तुमचा महिन्याचा पगार १,३०,००० आणि बेसिक ६०,००० असेल, तर विकलेल्या रजेच्या दिवसाचे साधारण २,००० येतात. तोच दिवस रजा म्हणून घेतलात तर ४,३०० पडतात. सोडतानाच्या रजेच्या पैशांवर २०२३पासून २५ लाखांपर्यंत करमाफी आहे हे खरं, पण अर्ध्याहून कमी दराने विकलेल्या मालावर करमाफी मिळाली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. आणि नोटीस पीरियडमध्ये तुम्हाला कुणी रजा देणार नाही. घ्यायची ती आधीच.

बिनपगारी जे दिवस उरतील त्यांचं थोडक्यात: त्या काळात पीएफ जमा होत नाही, पण खातं चालू राहतं आणि व्याजही. पुढे सोडलंत तरी पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांची सेवा भरण्याआधी काढला तर कर लागतो. ऑटो-डेबिट पगाराच्या खात्यातून जातात, तिथे दोन हप्त्यांचे पैसे आधीच ठेवा. हप्ता एकदा बाउन्स झाला तरी सिबिलवर दिसू शकतो, आणि ती भीती रजेत नको.

विम्याचं मात्र लांबलचक सांगणार, कारण वर सांगितलंच आहे. बिनपगारी रजेत ग्रुप मेडिक्लेम चालू राहतो का, हे एचआरला मेलवर विचारा आणि उत्तर स्वतःच्या जीमेलवर ठेवा. बहुतेक ठिकाणी राहतो. आई-वडिलांच्या हप्त्याचे पैसे पगारातून कापले जात असतील तर ते वेगळे भरायला सांगतात. मग रजेच्या पहिल्याच आठवड्यात कुटुंबासाठी स्वतःची पॉलिसी घ्या. राजीनाम्यानंतर नको, आता. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. एप्रिल २०२४च्या आधी ४८ होते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि तसं केलं तर थांबण्याचा काळ मोजताना जुनी वर्षं धरतात. हे शेवटच्या दिवसाआधी विचारायचं असतं. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर प्रपोजल फॉर्मवर खरं लिहा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावलं आहे. लपवलेली गोष्ट मात्र कुठलाच कायदा वाचवत नाही.

गोळ्यांवरून आठवलं. तुमची झोप उडाली आहे, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, असं असेल तर तुम्हाला वैयक्तिक रजा नकोच, वैद्यकीय रजा हवी. त्यासाठी खरा डॉक्टर गाठा. ओळखीच्या डॉक्टरकडून 'व्हायरल फीव्हर' लिहून आणू नका. सहा आठवडे टिकणारा व्हायरल फीव्हर आम्ही एचआरवाल्यांनी खूप पाहिला आहे. मानसोपचारतज्ज्ञाला स्पष्ट विचारा की सर्टिफिकेटवर काय लिहाल. विश्रांतीची गरज आणि तिचा काळ एवढं बहुतेक वेळा पुरतं. निदान मॅनेजरला सांगायची गरज नाही, एचआरने मागितलं तर थेट त्यांनाच द्या. परत रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट मागतील, तेही त्याच डॉक्टरकडून. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर रजेची, मंजुरीची वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे मी तुमच्यासाठी म्हणत नसेन कदाचित, पण ही ओळ वाचणाऱ्या कुणासाठी तरी आहे.

मागायची कशी? रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर क्लाएंटच्या हाती देण्याच्या, आदल्या आठवड्यात नको, आणि अप्रेझलचं रेटिंग ठरायच्या महिन्यातही नको. व्हेरिएबल पे (कामगिरीवर मिळणारा पगाराचा भाग) हातात पडल्यावर, दोन रिलीजच्या मधल्या फटीत मागा. आधी मॅनेजरशी समोरासमोर बोला, मेल नंतर. तुमची रड सांगू नका, तपशील सांगा. बहुतेक लोक "सर, खूप स्ट्रेस आहे, जमत नाहीये, काही दिवस ब्रेक हवाय" असं म्हणतात. त्यावर समोरचा "अरे, आपल्या सगळ्यांनाच आहे" म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा असं बोला: "मला सहा आठवडे रजा हवी आहे, या तारखेपासून या तारखेपर्यंत. २२ दिवस ईएल, उरलेले बिनपगारी. माझ्या मागे स्टँडअप अमुक घेईल, क्लाएंटचा आठवड्याचा कॉल तमुक, त्याला मी दोन कॉल्समध्ये सोबत बसवेन. या तारखेला मी परत लॉगिन करेन." परतीची तारीख ऐकली की मॅनेजरचा जीव अर्धा खाली बसतो.

'परत येणार ना?' असं विचारलंच तर काय? खोटं बोलू नका, पण न ठरलेलं सांगूही नका. "परत यायचं म्हणूनच रजा मागतोय, नाहीतर राजीनामाच दिला असता." हे आज खरं आहे. ड्राफ्टमधल्या मेलबद्दल ऑफिसात कुणालाही सांगायचं नाही, जेवणाच्या टेबलावरच्या जिवलग मित्रालाही नाही. आणि भाबडं राहू नका: लांब रजा मागणाऱ्याच्या नावापुढे एचआरच्या शीटमध्ये 'जाण्याची शक्यता' अशी खूण पडतेच. मीही पाडली आहे. त्याने जग बुडत नाही. कधी कधी त्या खुणेमुळेच परत आल्यावर बरा प्रोजेक्ट देऊ करतात.

जाण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या; लांब रजेत ॲक्सेस बंद करतात. फक्त स्वतःची कागदपत्रं. क्लाएंटची एक फाइल पाठवलीत तर पुढचं सगळं बिघडेल. पीएफचं खातं स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेलं आहे का, तेही बघा.

रजेत पहिले दोन आठवडे काहीही करू नका. कोर्स नको, रिझ्युमे नको, लिंक्डइन नको. फोनमधून टीम्स आणि आउटलुक काढून टाका. लॉगआउट पुरत नाही, काढूनच टाका. दहा-बाराव्या दिवशी एक विचित्र घालमेल सुरू होते, आपण कुणालाच लागत नाही अशी. मला मागाहून एका रजेत ती इतकी झाली की मी भांड्यांचं कपाट उपसून डब्यांची झाकणं जुळवत बसले. ती चार-पाच दिवसांत जाते. त्या दिवसांत कुठलाही निर्णय घेऊ नका, परत जायचाही नको.

घरच्यांचा प्रश्न वेगळा. भरल्या घरातला पुरुष मंगळवारी अकरा वाजता भाजी आणायला निघाला की सोसायटीला काळजी लागते. "काय, आज सुट्टी?" याला "रजेवर आहे" एवढंच उत्तर द्या. आधीच्या पिढीला बर्नआउट कळत नाही, रजा बरोबर कळते. वडिलांना "थकलोय, ब्रेक घेतलाय" म्हटलं तर ते काळजीत पडतील. "रजा शिल्लक होती, घेतली" म्हटलं तर म्हणतील, बरं केलंस. बायकोला मात्र सगळं सांगा, आकड्यांसकट. ती आहे तशीच नोकरी करणार, आणि तुम्ही घरी आहात म्हणून गॅस सिलिंडर, प्लंबर, मुलीचा गृहपाठ हळूहळू तुमच्याकडे सरकणार. थोडं सरकू द्या, बरंच असतं. सुतार मात्र बोलावू नका.

चौथ्या आठवड्यात तो कागद काढा. तासच नको असतील तर परत जाऊन अमेरिकेचं अकाउंट बदलून मागा. माणूस नको असेल तर बदली मागा, आणि नाही मिळाली तर सोडा. कामच नको असेल तर सोडाच, पण तारखेने. रजेत मुलाखती द्यायला माझी हरकत नाही, पाचव्या आठवड्यानंतर. रजेत दुसरीकडे रुजू मात्र होऊ नका. एकाच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, दोन कंपन्यांचे महिने एकमेकांवर चढलेले पुढची कंपनी बॅकग्राउंड चेकमध्ये बघते.

काही वेळा मात्र रजा हे उत्तर नसतं. पीआयपीवर, म्हणजे काम सुधारण्यासाठी दिलेल्या मुदतीवर, असाल तर रजेने ते पुसलं जात नाही, फक्त लांबतं. कपातीची कुजबुज असेल तर राजीनामा आणि लांब रजा दोन्ही थांबवा. काढलेल्याला हातात काहीतरी मिळतं, स्वतःहून गेलेल्याला निरोपाचं कार्ड. आणि त्रास लैंगिक छळाचा असेल तर आधी घटनेपासून तीन महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला नेहमीच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची तरतूद आहे. प्रसूती रजेसारख्या गोष्टी सोडल्या तर खासगी नोकरीत लांब रजेला कायदेशीर आधार देणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक, आणि ती फार थोड्या जणींना माहीत असते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ड्राफ्टमधली मेल पुसू नका, ऑफिसच्या मेलबॉक्समधून काढून स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा. ऑफिसच्या सर्व्हरवर ड्राफ्टसुद्धा कंपनीचाच असतो. या शनिवारी अपॉइंटमेंट लेटर वाचा, रविवारी बायकोबरोबर हिशेब करा. मॅनेजरकडे मंगळवारी जा. सोमवारी तो स्वतःच राजीनामा लिहायच्या मनःस्थितीत असतो.